खाली कोण आहे?

एकदा एका माळावर एक म्हातारा विहीर पाडत होता, आणि नेमकं त्याच आठवड्यात लोकांना कळलं की जग संपणार आहे.

म्हातारा सुरुंगवाला. खडकाला भोकं पाडायची, त्यांत दारू ठासायची, वात पेटवायची आणि शिडीनं वर यायचं, हे काम त्यानं पन्नास वर्षं केलं होतं. एक कान बधिर, डाव्या हाताची दोन बोटं गेलेली. सगळे त्याला उस्ताद म्हणत. शिकवायची त्याची रीत एकच, शिव्या. त्याच्या हाताखाली तिम्मा नावाचा चेला होता. चेला म्हणजे पोर नव्हे. बत्तीस वर्षांचा बाप्या, अकरा वर्षं उस्तादाजवळ काढलेला, बायकोला आठवा महिना लागलेला. माळावरच्या वस्तीला पाणी नव्हतं. बाया दोन कोसांवरून हंडे आणत. त्यांच्यासाठी ही विहीर चालली होती आणि चाळीस फूट खाली गेली होती.

त्या साली युद्ध लागलं होतं. शेजारच्या देशाचा सेनापती रोज टीव्हीवर येऊन सांगे, माझ्याकडे अणुबॉम्ब आहे आणि तो मी वापरीन. इकडे राजधानीत तीन महिन्यांत तिसरं सरकार बसलं होतं, तेही डुगडुगत होतं. जो खुर्चीवर येई तो आधीच्यापेक्षा मोठ्यानं ओरडे, माझ्याकडेही आहे! लोकांचं डोकं ठिकाणावर राहिलं नव्हतं. कुणी सांगितलं की मीठ खाल्लं म्हणजे बॉम्बची हवा बाधत नाही, तर माणसं मूठमूठ मीठ खाऊन ओकत होती. शाळा बंद पडली. एकानं तर आपली गुरं दावं सोडून माळावर हाकलून दिली, का, तर शेवटी तरी मोकळी मरू देत. उस्ताद हे सगळं बघे, थुंके आणि पहार उचले.

तिम्माला मात्र झोप नव्हती. मोबाइल त्याच्या कानाला चिकटलेला. बायकोचं पोट बघितलं की तो बातम्यांचा आवाज आणखी वाढवी.

त्या दिवशी सकाळी तो भोकं ठासता ठासता थांबला आणि म्हणाला, "उस्ताद, हे पाणी प्यायला कोण उरणार हाय?"

"तुझी सासू. हात चालव."

"चेष्टा नको. बातम्या ऐकता का कधी?"

"एक कान हाय माझा. तो कामाला लागतो."

"मी सांगतो मग. त्यांनी टाकायच्या आत आपणच टाकावा. एकदाचा टाकावा अन् मोकळं व्हावं. रोजचं मरण तरी चुकंल."

उस्तादानं हातातली पहार खाली ठेवली. पहार ठेवली म्हणजे त्यानं ऐकलं, एवढं तिम्माला अकरा वर्षांत कळलं होतं.

एवढ्यात वर जीप थांबली. तालुक्याचा धान्याचा व्यापारी आला होता. पोट पुढे, रुमाल कपाळाला. दोघं वर चढून आले तर शेठनं हात जोडले. असा माणूस हात जोडतो तेव्हा समजावं की भीती खरी आहे.

"उस्ताद, माझ्या बंगल्यामागं डोंगर आहे. त्याच्या पोटात मला खोली पाहिजे. वीस माणसं महिनाभर राहतील एवढी. आठ दिवसांत."

"विहीर चाललीय."

"अहो, विहीर राहिली काय अन् न राहिली काय! वर आकाशच राहतंय का ते बघा. तुम्हाला दोघांना खोलीत जागा देतो. तिम्माच्या बायकोलाही देतो, बाळंतपणासकट."

 तिम्मा उस्तादाच्या तोंडाकडे बघत राहिला.

शेठनं जीपमधून एक लाल पेटी काढली. "ही पण आणलीय. आता वातबित कोण पेटवतं? तार जोडायची, लांब बसायचं, बटन दाबायचं. काम झटकन उरकेल."

ही पेटी! गेली सात-आठ वर्षं तिम्मा पेटीसाठी उस्तादाच्या मागे लागला होता. सगळीकडे आली, आपण तेवढे वात पेटवून माकडासारखे शिडी चढतो. उस्तादाचं उत्तर ठरलेलं असे: वात पेटवणारा शेवटी वर येतो, ही आपली रीत हाय, आणि रीत काय तुझ्या बापाची नाही बदलायला.

आज म्हाताऱ्यानं पेटी हातात घेतली, उलटीपालटी केली आणि तिम्माच्या हातात दिली.

"घे. आज तुझ्या मनासारखं."

तिम्मा थक्क झाला. "खरंच?"

"आजचे सात बार उडवू, मग शेठच्या डोंगराचं बोलू. तारा खाली मी जोडतो. तू अन् शेठ त्या बाभळीमागं बसा, तिथून सगळा माळ दिसतो. मी पलीकडच्या बांधाआड जातो. तीन हाळ्या दे अन् दाब."

बाभळ विहिरीपासून चांगली दोनशे पावलं. तिम्मा पेटी मांडीवर घेऊन बसला. त्याच्या शेजारी शेठ रुमालानं वारा घेत बसला. तारेची दोन टोकं पेटीत घातली, स्क्रू आवळले. त्याच वेळी मोबाइल वाजला. राजधानीतलं तिसरं सरकारही कोसळलं होतं. शेजारच्या देशानं बॉम्ब बाहेर काढून ठेवला होता म्हणे. बातमी देणारी बाई किंचाळत होती.

"मी सांगत नव्हतो?" शेठ म्हणाला. "आपला जो कोणी खुर्चीवर असेल, त्यानं आता वाट बघू नये. दाबावं बटन! तिम्मा, हे बटन मला दाबू दे रे. लई दिवसांची हौस आहे."

"हौस माझी जुनी हाय, शेठ. सरका तिकडं."

तिम्मानं एका कानाला मोबाइल धरला आणि तोंडावर हात धरून हाळी दिली.

"बाऽऽर हाय! सरकाऽऽ!"

बातमी देणारी बाई म्हणाली, दोन्हीकडच्या फौजा तयार आहेत.

"बाऽऽर हाय! सरकाऽऽ!"

बाई म्हणाली, कुठल्याही क्षणी.

"बाऽऽर हाय! सरकाऽऽ!"

आणि तिम्मानं अंगठा दाबला. जोरात दाबला, सगळी भीती त्या अंगठ्यात आणून. बरं वाटलं त्याला. हे त्यानं पुढे कित्येक दिवस कुणाला सांगितलं नाही, पण बरं वाटलं.

माळ गप्प. आवाजच नाही.

पुन्हा दाबलं. नाही.

"बिघडली काय?" शेठ म्हणाला.

"गप बसा." बार उडाला नाही तर अर्धा तास विहिरीजवळ जायचं नाही, हा नियम. एखादा सुरुंग मागाहून उडतो आणि वाकलेल्या माणसाचं डोकं नेतो. तिम्मा बसून राहिला. मग त्याला वाटलं, उस्तादानं आतापर्यंत बांधाआडून दोन शिव्या हासडायला हव्या होत्या. त्यानं हाक मारली. पुन्हा मारली. बांधाआडून एक बाई डोक्यावर हंडे घेऊन आली, वस्तीतली रखमाबाई.

"रखमाबाई, उस्ताद हाय का तिकडं?"

"तिकडं कशाला असंल? विहिरीत उतरताना बघितला म्या, खालच्या वाटेनं येताना. वर आलेला नाय बघितला."

तिम्माला तिचे शब्द ऐकू आले, पण अर्थ लागायला वेळ लागला. विहिरीत किती माणसं उतरली, वर किती आली, हे मोजल्याशिवाय हाळी द्यायची नाही, हा धंद्याचा पहिला धडा. दोन डोकी. फक्त दोनच डोकी मोजायची होती, त्यातलं एक स्वतःचं. ती त्यानं मोजली नव्हती.

अर्ध्या तासाचा नियम गेला खड्ड्यात. तिम्मा धावत सुटला. पायातली चप्पल मागे राहिली, काटे मोडले, काही कळलं नाही. विहिरीच्या काठावर तो पालथा पडला आणि खाली बघितलं.

तळाशी, सात ठासलेल्या भोकांच्या मधोमध, उस्ताद मांडी घालून बसला होता. एका मुठीत तारेची दोन टोकं. उघडी. एकमेकांपासून लांब धरलेली. ती त्यानं सुरुंगाला जोडलीच नव्हती.

 खालून म्हातारा म्हणाला, "दाबलंस?"

"उस्ताद..."

"दाबलंस का, ते सांग."

"दाबलं. दोनदा दाबलं."

"हाळ्या मी ऐकल्या. पहिलीला वाटलं, आता येऊन वाकून बघंल. दुसरीला वाटलं, नाव घेऊन हाक मारंल. तिसरीला मी डोळे मिटले."

तिम्मा शिडी उतरला कसा, त्यालाच ठाऊक नाही. खाली जाऊन त्यानं म्हाताऱ्याचे पाय धरले आणि गुरासारखा रडला. काठावरून शेठ आणि रखमाबाई बघत होते. शेठचं तोंड उघडंच राहिलं होतं.

"उस्ताद, मी तुम्हाला मारलं. मारलंच की. तारा जोडलेल्या असत्या तर..."

"जोडायला मी काय येडा हाय?" म्हाताऱ्यानं त्याला ढकललं. "रडणं बंद कर अन् ऐक. आज बोलतो, पुन्हा बोलणार नाही. अकरा वर्षं तू वात पेटवलीस. एकदा तरी चुकलास? नाही. कारण पेटवताना तू खाली असायचास. वात जळायची ती तुझीच जळायची. आज दोनशे पावलं लांब बसलास आणि एका सकाळीत मला विसरलास. तू काय वाईट माणूस नाहीस. मी दवाखान्यात पडलो तेव्हा तू रक्त दिलंस. असल्या माणसाला दोनशे पावलांवरून मी दिसलो नाही. मग तो राजधानीतला, हजार कोसांवरचा, ज्याची खुर्ची रोज हलतीय, त्याला त्या शेजारच्या देशातली आठव्या महिन्याची बाई दिसणार हाय? अन् त्यांच्यावाल्याला तुझी दिसणार हाय? आणि सकाळी तू त्यालाच सांगत होतास, दाब. मोकळं व्हावं म्हणत होतास. झालास मोकळा?"

तिम्मानं नाही म्हणून मान हलवली.  त्यानं उजवा अंगठा दुसऱ्या मुठीत दाबून धरला.

वरून शेठ चिडून म्हणाला, "अहो पण ती बटनं काय आमच्या हातात आहेत? आम्ही गरीब माणसं काय करणार?"

"गरीब! जीप कुणाची हाय ती?" म्हातारा वर बघून ओरडला. "बटन हातात नाही, शेठ. तोंड हाय ना? रोज बातम्या ऐकून त्या तोंडानं काय ओरडता? दाबा, दाबा. लाखो माणसं तेच ओरडतायत, म्हणून वरच्याला वाटतं, खाली कुणी नाहीच. हाळी त्यासाठी नसते. खाली माणूस हाय, थांब, हे ओरडायला तोंड दिलंय. तेवढं ओरडा. मग डोंगरात बसायचं तर बसा."

 रखमाबाईनं हंडे खाली ठेवले आणि काठाशी बसली, जसं कुणाच्या घरी काही झाल्यावर बसतात.

थोड्या वेळानं तिम्मा उठला. उस्तादाला त्यानं आधी वर पाठवलं. म्हातारा शिव्या देत चढला, पण चढला, आणि काठावरच्या दोघांना घेऊन बांधाआड गेला. मग तिम्मानं सात वाती घेतल्या, रोजच्यापेक्षा वीतभर लांब कापल्या, एकेक पेटवली आणि सर्वांत शेवटी वर आला. लांब जायच्या आधी तो काठावर वाकला. आत कुणी नाही हे त्याला पक्कं ठाऊक होतं. त्यानंच सगळं मोजलं होतं. तरी त्यानं खाली बघून हाक मारली:

"खाली कोण हाय?"

कुणी उत्तर दिलं नाही, तेव्हाच तो पळाला. बांधाआड बसून त्यानं आवाज मोजले. सात. सातही झाले.

शेठ पेटी घेऊन गेला. डोंगरातली खोली त्यानं दुसऱ्या कुणाकडून करून घेतली म्हणतात. तिम्मा गेला नाही. शेठच्या खोलीची बातमी त्या संध्याकाळी बायकोच्या कानावर गेली होती. तिनं विचारलं, जागा मिळाली का हो आपल्याला? तो म्हणाला, विहीर आठ फूट राहिलीय. ती एवढंच म्हणाली, बरं.

युद्ध लगेच थांबलं नाही. विहीर पाडणाऱ्या दोन माणसांमुळे युद्धं थांबत नसतात, ते मनातून काढून टाका. पण नंतर कधी चहाच्या टपरीवर कुणी टेबलावर मूठ आपटून म्हणालं की टाकून द्या एकदाचा बॉम्ब, तर कोपऱ्यातला तिम्मा उजवा अंगठा मुठीत झाकून घेई आणि हळूच विचारी, "खाली कोण हाय, बघितलं का?"

वाचणाऱ्यानं उद्याचा पेपर उघडण्याआधी स्वतःला एवढंच विचारावं.