गोजराच्या दशम्या आणि समुद्र

समुद्रापासून बैलगाडीने सहा दिवसांच्या वाटेवर एक गाव होतं. तिथं एक तेली आणि त्याची बायको गोजरा राहत. दोघांनी समुद्र कधी पाहिला नव्हता. यंदा तेल घेऊन किनाऱ्यावरच्या बाजाराला जायचं ठरलं आणि गोजराची झोपच उडाली. शेजारणींना ती एकच गोष्ट दहादा सांगे, "पलीकडचा काठ म्हणे दिसतच नाही."

वाटेतल्या खाणावळी त्यांना परवडणाऱ्या नव्हत्या. तेल विकलं जाईपर्यंत घरच्या शिदोरीवरच भागवायचं होतं. सासूबाईंनी बजावलं, "सूनबाई, पुढच्या दिवसांसाठी दशम्या कर. पीठ निव्वळ दुधात मळ, पाण्याचा थेंब नको. आणि भाजल्यावर फडक्यावर पसरून पार गार होऊ दे. तोवर डब्याचं नाव काढू नकोस."

गोजराने दुधात गूळ विरघळवला, पीठ मळलं, दशम्या अगदी फर्मास भाजल्या. पण दारात बैल जुंपलेले, घुंगरं वाजताहेत, नवरा हाका मारतोय! तिला कुठला धीर? वाफाळत्या दशम्या तिने पितळी डब्यात रचल्या, झाकण दाबून बसवलं आणि टुणकन गाडीत चढली.

दोन दिवस चटणी-भाकरीवर मजेत गेले. तिसऱ्या दिवशी भाकरी संपली म्हणून तिने डबा उघडला, तर आंबूस वास आला. वाफेचं पाणी सुटून दशम्यांवर बुरशी धरली होती. पुढे तीन दिवसांचा घाट, त्यात वस्ती नाही.

"अहो, माझं चुकलं. गरम होत्या तशाच भरल्या मी."

"घाई तर मीच केली," तेली ओशाळून म्हणाला. "आता माघारी फिरावं लागणार."

माघारी म्हटल्यावर तिला रडूच कोसळलं.

जवळच माळावर मेंढ्या बसल्या होत्या. तिथल्या धनगरणीला तिची दया आली. वाटीभर तेल घेऊन तिने बाजरीचं पीठ दिलं, चरवीभर शेळीचं दूध दिलं आणि आपली चूलही दिली. "एवढंच आहे बघ माझ्याकडं," ती म्हणाली. "हे नासलं तर दुसरं नाही."

गोजराने पुन्हा दशम्या केल्या. शेवटची तव्यावरून उतरली तोच मीठ आणायला निघालेल्या बैलांचा एक तांडा घुंगरं खुळखुळवत आला. म्होरक्या म्हणाला, "चला की आमच्यासंगं. आडवाटेनं नेतो, परवा संध्याकाळी समुद्र दाखवतो."

परवा संध्याकाळी! गोजरा हरखली. तिने एका हाताने डबा ओढला, दुसरा हात दशमीवर ठेवला. दशमी चांगलीच गरम होती. तिने डबा बाजूला सारला.

"तुम्ही व्हा पुढं," ती म्हणाली. "आमच्या दशम्या गरम आहेत."

असलं कारण तांड्याने कधी ऐकलं नव्हतं. हसत हसत ते निघून गेले. गोजरा मात्र उन्हं कलेपर्यंत फडक्याशी बसून राहिली. दशमी उलटायची, गालाला लावून बघायची, पुन्हा पसरायची. तेली उगाच बैलांभोवती फेऱ्या मारत होता. नुसतं बसणं इतकं अवघड असतं हे तिला त्या दिवशी कळलं.

दुसऱ्या दिवशी ते घाटाला लागले. तिसऱ्या मुक्कामानंतर सकाळी गाडी शेवटच्या खिंडीतून बाहेर पडली आणि समोर सगळं निळंच निळं. पलीकडचा काठ खरंच नव्हता. गोजरा धावत सुटली, गुडघाभर पाण्यात शिरली, लुगडं भिजलं, हसता हसता डोळे भरून आले.

मग दोघं वाळूत बसली. डब्यात दोन दशम्या उरल्या होत्या. तेल्याने तुकडा मोडून हुंगला आणि तोंडात टाकला.

"आज केल्यासारखी मऊ आहे गं," तो म्हणाला आणि उरलेली अर्धी त्याने तिच्या हातावर ठेवली.

तात्पर्य: मन कितीही पुढे धावलं, तरी ज्या कामाला वेळ लागतो त्याला तो द्यावा. अर्धा दिवस थांबल्याने समुद्र आटत नाही.