तळपायांची आग विझली तेव्हा

एकदा एका शिष्याच्या हाताला यश आले, आणि ते यश पाहून त्याचे गुरू भ्याले.

गुरू म्हणजे गुळाच्या एका पेठेतले वृद्ध वैद्य. सारे गाव त्यांना आबा म्हणे. त्यांच्या हाताखाली शिकणारा शिष्य आता तिशीला आला होता. मुळ्या ओळखणे, काढे उकळणे, लेप करणे यांत त्याला कोणी काही सांगावे असे उरले नव्हते. एकच गोष्ट त्याला मनातून सलत असे. ओसरीवर येणारा प्रत्येक जण आधी विचारी, "आबा आहेत का?" आणि नाहीत म्हटले की आल्या पावली परत फिरे.

एका हिवाळ्यात आबा लेकीच्या गावी गेले आणि आजारपणाने तिकडेच अडकले. नेमक्या त्याच दिवसांत पेठेतला एक मोठा व्यापारी भिंतीचा आधार घेत ओसरीवर चढला. आबा नाहीत हे ऐकूनही तो परतला नाही. परत फिरण्याचे त्राण त्याच्या पायांत नव्हते.

व्यापाऱ्याचा मधुमेह जुना होता. जन्म गुळाच्या ढेपांमध्ये गेलेला. माल पारखायचा तर जिभेवर खडा ठेवायलाच हवा, ही त्या पेठेची रीत. दिवसभर पारख चाले. चव पाहणे म्हणजे काही खाणे नव्हे, अशी त्याने स्वतःची समजूत घालून घेतली होती. आता त्याच्या तळपायांची आग होत होती. मिरची चोळल्यासारखे वाटे, मुंग्या येत, अंथरुणात पांघरुणाचा स्पर्शसुद्धा सोसवत नसे. होमिओपॅथीच्या गोड गोळ्या झाल्या, कारल्याचा रस झाला, मेथीचे पाणी, जांभळाच्या बियांची पूड, कोणी सांगेल ते सारे झाले. बुडत्याला काडीचा आधार, तशा त्याने किती काड्या धरल्या होत्या कोण जाणे.

"दवाखान्याचं नाव तेवढं काढू नका," त्याने आधीच सांगून टाकले. त्याच्या थोरल्या भावालाही हाच रोग होता. शहरातल्या दवाखान्यात तो दोन पायांनी गेला आणि गुडघ्याखाली एक पाय नसलेला परत आला. पुढे तो भिंतीकडे तोंड करून पडून राहिला, आणि तसाच गेला.

शिष्याला त्याची दया आली. आणि खरे सांगायचे तर त्याला संधीही दिसली. त्याने काशाची वाटी काढली. तळपायांना तूप लावून ती वाटी घोळघोळून फिरवायची, हा आपल्याकडचा घरोघरीचा उपाय. फिरवता फिरवता पाय काळे पडतात, आणि अंगातली उष्णता बाहेर आली असे आपण म्हणतो. शिष्य रोज दुपारी वाटी फिरवी, वर कापराचे तेल चोळी. काळे झालेले तळवे पाहून व्यापाऱ्याच्या जिवाला बरे वाटे. हळूहळू आग कमी होत गेली. होळीच्या सुमारास ती पुरती थांबली, तेव्हा वाटीही थांबली.

मग काय विचारता! पेठेत जो तो शिष्याचे नाव घेऊ लागला. व्यापारी डोंगरावरच्या देवीला नवस बोलला होता. पाय निवले तर चैत्री पौर्णिमेला अनवाणी डोंगर चढून येईन. चैत्रात तिथला कातळ तव्यासारखा तापतो. पण आता भय कसले? पौर्णिमा उद्यावर आली होती आणि त्याच सकाळी आबा घरी परतले.

व्यापारी गुळाची ढेप घेऊन भेटीला आला. जोडे पायरीशी काढून तो आबांच्या पाया पडला आणि शिष्याचे कौतुक करता करता गहिवरला. पाय कसे थंडगार पडलेत, दुखणे कसे नावालाही उरलेले नाही, हे त्याने पुन्हा पुन्हा सांगितले. शिष्य मान खाली घालून उभा होता, पण कान टवकारलेले होते. शाबासकी आता येईल, मग येईल.

शाबासकी आली नाही. आबांचा चेहरा पांढरा पडला होता.

"चालताना जमीन कशी लागते?" त्यांनी विचारले.

"मऊ लागते आबा. कापसावरून चालल्यागत."

आबांनी व्यापाऱ्याला आत जाऊन देवाला नमस्कार करून यायला सांगितले. तो आत वळताच ते पायरीपाशी गेले, कनवटीचा एक चिंचोका काढला आणि व्यापाऱ्याच्या उजव्या जोड्यात टाकला. शिष्य पाहतच राहिला. व्यापारी बाहेर आला तेव्हा आबा शांतपणे म्हणाले, "शेठ, तेवढं समोरच्या मारुतीला रस्त्यावरूनच हात जोडून या. मग निवांत बोलू."

व्यापारी जोडे घालून निघाला. शिष्याच्या मनात काळेबेरे आले. आबांना आपले यश सहन झाले नाही. म्हातारपणी माणसाला असा मत्सर ग्रासतो हे त्याने ऐकले होते. पण एका आजारी माणसाच्या जोड्यात चिंचोका टाकण्यापर्यंत? तो रागाने काही बोलणार होता, इतक्यात त्याचे लक्ष आबांच्या हातांकडे गेले. ते थरथरत होते. मत्सराने हात असे थरथरत नाहीत. मग मात्र शिष्याला कसलीतरी भीती वाटू लागली, आणि कसली ते कळत नव्हते म्हणून ती जास्तच वाटू लागली.

व्यापारी परत आला. चालण्यात फरक नाही, चेहऱ्यावर हसू.

"वाटेत काही टोचलं?" आबांनी विचारले.

"छे. काय टोचायचं?"

आबांनी त्याला ओसरीवर बसवले आणि उजवा जोडा स्वतःच्या हाताने काढला. चिंचोका तळपायाला चिकटून आला. त्याचा खोल ठसा कातडीवर उमटला होता. व्यापारी त्या ठशाकडे बघत राहिला, जणू तो पाय दुसऱ्याच कुणाचा होता. मग आबांनी डावा जोडा काढून तळपाय वर उचलला, आणि सगळ्यांना वास आला.

त्या जोड्यात आबांनी काहीच टाकले नव्हते. तळातून आरपार आलेला बाभळीचा काटा तिथे कधीचा होता. करंगळीच्या मुळाशी जखम होती, भोवतीची कातडी काळसर निळी झाली होती आणि आत पू होता. व्यापारी कित्येक दिवस त्या काट्यावरून चालत होता. पाय थंडगार पडले म्हणून पेढे वाटत होता.

हे तळवे शिष्याने स्वतः चोळले होते. आग थांबल्यावर त्याने ते पुन्हा पाहिलेसुद्धा नव्हते.

"पण आबा, उष्णता बाहेर आली होती," तो कसाबसा म्हणाला. "रोज काळं निघत होतं."

आबांनी वाटी आणवली. दगडी पायरीला बोटभर तूप लावले आणि तिच्यावर वाटी घासली. पायरी काळी झाली. "या दगडाला कुठली आलीय उष्णता?" ते म्हणाले. "ते वाटीच्या धातूचं काळं. वाटी खोटी नाही, तिच्यानं आराम पडतो. गोड गोळ्यांनी, तेलानं ज्याला बरं वाटतं त्याच्याशी मी भांडत नाही. पण त्यांनी साखर उतरल्याचं आणि पाय वाचल्याचं मी माझ्या उभ्या जन्मात पाहिलेलं नाही."

मग त्यांचा आवाज खाली आला. "रात्रभर रडणारं तान्हं मूल एकाएकी गप्प झालं, तर आई लगेच कूस बदलून झोपत नाही. ती उठते, त्याच्या नाकाशी बोट धरते. निजलं असेल, तर देवाची कृपा. पण नसेल तर? तू फक्त रडणं थांबलेलं ऐकलंस. बोट धरलं नाहीस. साखरेनं नसा मरत आल्या की आधी त्या रडतात, आणि मेल्या की गप्प होतात. याच्या पायाची वेदना तू घालवली नाहीस रे. ती सोसणारंच तिथं कोणी उरलं नाही."

व्यापारी दोन्ही हातांनी डावा पाय धरून बसला होता. "भावाचंही असंच करंगळीपासून सुरू झालं होतं," तो म्हणाला. "मी जाणार नाही आबा. तिथं पाय कापतात."

"शेठ, तुमच्या भावाचा पाय दवाखान्यानं नेला नाही. उशिरानं नेला," आबा म्हणाले. "भीती मलाही वाटतेय, बघा हे हात. पण तुम्ही चुकीच्या दाराला भिताय. देवी थांबेल. ही जखम थांबायची नाही."

व्यापारी हलला नाही. तेव्हा शिष्य पुढे झाला. त्याने कोणाचीही परवानगी न घेता व्यापाऱ्यासमोर पाठ करून बसकण मारली आणि म्हणाला, "चला शेठ. मी आत तुमच्याबरोबर येतो. बाहेरही तुमच्याबरोबरच येईन." तो पाय जमिनीला टेकू न देता त्याने त्या अवजड माणसाला पाठीवर घेऊन नाक्यावरच्या जीपपर्यंत नेले. पेठ बघत होती. कालपर्यंत त्याचे गुण गाणारी माणसे कुजबुजत होती, आणि त्याला ते ऐकू येत होते.

शहरातल्या डॉक्टरीणबाईंनी रक्त तपासायला घेतले, जखम उघडून धुतली. व्यापारी छताकडे बघत पडून होता, एकदाही कण्हला नाही. तेच शिष्याला बघवत नव्हते. करंगळी जाईल, पाय वाचण्याची आशा आहे, बाई म्हणाल्या. पण साखर आटोक्यात ठेवावी लागेल आणि यापुढे दोन्ही तळवे रोज डोळ्यांनी पाहावे लागतील. पायाला काही कळेल या भरवशावर राहायचे नाही.

मग कुठवर संवेदना उरली आहे हे पाहण्यासाठी त्यांनी बोथट टोकाची सुई घेतली आणि व्यापाऱ्याला डोळे मिटायला सांगितले. अंगठ्याला टेकवली. काही नाही. तळव्याला, काही नाही. टाचेला, घोट्याला, काही नाही. सुई वर वर सरकत होती आणि शिष्याची नजर तिच्यामागे. किती वर जाणार ही शांतता?

घोट्याच्या वर चार बोटांवर सुई टेकली, आणि व्यापाऱ्याने पाय झटकन मागे ओढला.

"दुखतंय," तो कळवळून म्हणाला.

हा शब्द शिष्याने जन्मभर रोग्यांच्या तोंडून ऐकला होता आणि तो बंद करणे यालाच तो आपली विद्या समजत आला होता. आज त्याने व्यापाऱ्याचा हात दोन्ही हातांत घट्ट धरला आणि डोळ्यांतून पाणी येत असताना म्हणाला, "पुन्हा सांगा शेठ. कुठं दुखतंय?"