येसूने कागद वाचला

सीना नदी हिवरडोह गावाजवळ वळण घेते, तिथे काठावर मारुतीचे एक लहानसे देऊळ आहे आणि देवळापुढे चिंचेचा पार. श्रीचिमणाजी महाराज या पारावर येऊन राहिले ते कोठून आणि कधी, हे गावात कोणी छातीठोकपणे सांगत नाही. अंगावर कांबळे, उशाला वीट आणि मुठीत सदा चिमण्यांसाठी ज्वारीच्या कण्या. त्या चिमण्यांवरूनच हे नाव पडले. महाराजांना स्वतःला लिहिता-वाचता येत नव्हते. तरी बाजाराच्या दिवशी त्यांच्या पारावर जेवढे कागद यायचे, तेवढे चावडीतही येत नसत.

याचे कारण होती येसू गुरवीण. देवळाची झाडलोट करावी, दिवा लावावा आणि महाराज देतील तो तुकडा प्रसाद म्हणून खावा, एवढाच तिचा संसार. पुढे गावात प्रौढांच्या शिक्षणाचा वर्ग निघाला आणि चाळिशी उलटलेली येसू मुळाक्षरे शिकली. महाराजांना कोण आनंद झाला! तिला जवळ बसवून महाराज म्हणाले, "येसू, कायदा तुला येत नाही, नसू दे. लोक कागद घेऊन येतील, तो मोठ्यानं वाचायचा. तुला अन् त्यांना कळला नाही, तर तालुक्याच्या कचेरीत जाऊन विचारा म्हणावं. विचारायला लाजू नका, तो तुमचा हक्क आहे. पण ऐकल्यावाचून कुणाचा अंगठा उठू द्यायचा नाही."

तेव्हापासून येसू वाचू लागली. कोणाची नोटीस, कोणाचा जमिनीच्या खंडाचा करार, कोणाचा वारसाचा अर्ज. बोटाखाली एकेक अक्षर धरायचे, ओठांशी जुळवायचे, मग शब्द. "मि... मिळ... मिळक... मिळकत!" असा तो गाडा चाले. ऐकणारा ताटकळे, जांभया देई, पण उठून जात नसे. ऐकून झाल्यावर कित्येकजण अंगठा न लावताच घरी जात, आणि त्यात त्यांचे भलेच होई.

हे सारे ज्यांच्या डोळ्यांत खुपे, ते नरहरपंत सबनीस. पंत दस्तलेखक. बाजाराच्या दिवशी चावडीच्या ओसरीवर त्यांचे मेज मांडलेले असे. खरेदीखत म्हणा, गहाणखत म्हणा, पंतांच्या हातचा कागद म्हणजे मोत्याचे दाणे. प्रत्येक दस्ताच्या शेवटी ते एक ओळ न चुकता लिहीत: 'वरील मजकूर मला वाचून दाखविला, तो मला समजला व मान्य आहे.' ओळ लिहीत एवढेच. वाचून त्यांनी कधी कोणाला दाखवले नाही. माणूस कागद हातात घेई, उगाच उलटासुलटा करी, ओशाळून हसे आणि अंगठा पुढे करी. पंतांना वाटे, हा आपल्यावरचा विश्वास. आता विश्वास होताच तो, पण त्याचे काय करायचे असते हे पंतांना ठाऊक नव्हते!

पारावरून जाता-येता ते येसूला डिवचल्याशिवाय राहत नसत. "काय येसूबाई, मिळकतीतला 'मि' झाला का? 'कत' पुढच्या बाजारी वाटतं? उंटावरून शेळ्या हाकणं बरं, पण शेळीवर बसून उंट हाकणारे मी इथंच पाहिले!"

लोक हसत. एकदा येसूचे डोळे भरून आले. ती महाराजांना म्हणाली, "बाबा, म्या न्हाई वाचत आता. लई हसत्यात लोकं. अन् पंतास्नी पटापटा येतंय की सगळं."

महाराजांनी मूठभर कण्या तिच्या पदरात टाकल्या. "येसू, ह्या चिमण्या बघ. एकेक दाणा टिपतात. पोट भरायचं राहिलंय का कुणाचं?" येसूने डोळे पुसले आणि अर्धवट राहिलेली नोटीस पुन्हा हातात घेतली.

त्याच वर्षी दिवाळीत ही गोष्ट घडली.

पंतांचे वडील वारले ते नवा वारसाचा कायदा झाल्यानंतर. त्यामुळे सातबाऱ्यावर पंतांच्या बरोबरीने त्यांच्या थोरल्या बहिणीचे, दुर्गाअक्काचेही नाव लागले. पंतांच्या मुलाची सोयरीक जमत आली होती आणि मुलीच्या बापाला उताऱ्यावर एकच नाव हवे होते. पंतांना त्यात अडचण वाटली नाही. बहिणी हक्क सोडतातच. दिवाळीला माहेरी येतात, लुगडे नेसतात, हक्कसोडपत्रावर अंगठा देतात, डोळे पुसतात आणि जातात. तशी रीतच पडली होती. अशी कितीतरी हक्कसोडपत्रे पंतांनी दुसऱ्यांच्या बहिणींची लिहिली होती. आता एक आपल्या बहिणीचे लिहायचे.

लिहिताना हात एकाच जागी अडखळला. विहिरीकाठी दोन खणांचे घर होते. वडील जाताना म्हणाले होते, "ते दोन खण दुर्गीचे. तिला कधी लागले तर." कागदावर त्याची नोंद नव्हती. पंतांनी क्षणभर विचार केला. अक्का सासरी राहते आहे, तिला इथल्या दोन खणांचे काय करायचे? आणि एक जागा तेवढी वगळली की दस्त कसा अर्धवट दिसतो! त्यांनी दोन खणही आत घातले. हे त्यांच्या मनाला लागले नाही असे नाही. लागले, पण अक्षर इतके सुरेख उतरले होते की पुन्हा लिहायचा कंटाळा आला.

दुर्गाअक्का भाऊबीजेच्या आदल्या दिवशी आली. अक्का विधवा. ओवाळण्याचा मान तिने केव्हाच सोडून दिला होता, पण भावाच्या पानात करंजी तिच्याच हातची पडली. लहानपणी आई गेली तेव्हा पाठच्या भावाला काखेत घेऊन वाढवले ते हिनेच. त्यापायी आणि त्या काळच्या रीतीपायी ती शाळेचे तोंड पाहू शकली नाही. भाऊ मात्र मोत्यासारखे लिहू लागला आणि त्याचा तिला केवढा अभिमान!

भाऊबीजेची जेवणे झाल्यावर पंतांनी लुगडे पुढे ठेवले आणि म्हणाले, "अक्का, एक छोटासा कागद आहे गं. तुझा अंगठा लागेल."

"लावीन की," अक्का म्हणाली. "पण महाराजांच्या पायाशी लावते. दर्शन व्हायचंच आहे अजून."

पंतांना हे बरेच वाटले. भावाचा कागद बहीण वाचायला लावील, हे त्यांच्या मनातही आले नाही. चार लोकांदेखत अंगठा झाला की उद्या दाब टाकला म्हणायला कोणी नको. त्यांनी दोन साक्षीदार बरोबर घेतले, शाईची डबी घेतली आणि सारी मंडळी पारावर आली.

महाराज चिमण्यांना कण्या टाकत होते. येसू पार झाडत होती. अक्काने पायांवर डोके ठेवले, पंतांनी कागद मांडला, डबी उघडली. अक्काचा अंगठा शाईकडे गेला तोच महाराज म्हणाले, "बाई, ऐकलात का कागद?"

अक्का हसली. "भावाचा कागद आहे, महाराज. त्याला वाचून दाखव म्हणू? त्याच्या मनाला काय वाटेल!"

पंत जरा उखडलेच. "महाराज, बहिणीला का कुणी दस्त वाचून दाखवतं? परक्याला दाखवतात."

"मग परक्याला तरी दाखवलास का कधी?" महाराज म्हणाले. पारावर हशा पिकला. महाराज मात्र हसले नाहीत. "वाच, बाळ. मलाही ऐकू दे."

वाचतो, त्यात काय, असे म्हणून पंतांनी कागद उचलला. दोन खणांची ओळ तेवढी गाळायची हे त्यांनी त्याच क्षणी मनात ठरवले. घसा खाकरला. कागदाकडे पाहिले. आणि काय आश्चर्य सांगावे! अक्षरे होती, शाई होती, रेघ न् रेघ आपल्या हातची होती, पण त्यातले एकही अक्षर त्यांना ओळखू येईना. त्यांनी चष्मा पुसला. कागद उन्हात धरला. देवळाच्या भिंतीवर गेरूने रामनाम लिहिलेले होते, तिकडे पाहिले, तर तेही तसेच मुके. पाठ म्हणून दाखवावे म्हटले, आयुष्यभर घोटलेला मजकूर, तर 'लिहून देणार' एवढे तोंडातून आले आणि पुढे सारे कोरे. पंतांनी कागद उलटा केला, सुलटा केला आणि ओशाळून हसले.

हसले मात्र आणि ते चरकले. हे हसू त्यांनी मेजापलीकडे किती वेळा पाहिले होते! हा नुसता विश्वास नव्हता. ही लाज होती. समोरचा माणूस एवढ्या लाजेत बसलेला असताना आपण टाक पुसत बसायचो, घाई करायचो, हे त्यांना त्या घडीला कळले.

"दिसत नाही," ते कसेबसे म्हणाले.

"येसू," महाराज म्हणाले, "तू वाच."

येसूने केरसुणी खाली ठेवली, हात पदराला पुसले, कागद घेतला. ती पंतांकडे पाहीना. तिला त्यांची भीती वाटत होती. तिने अक्षरावर बोट ठेवले. "मी... दु... दुर्गा... दुर्गाबाई... लि... लिहून दे... देते की..."

एकेक शब्द तिच्या तोंडून असा सुटा सुटा बाहेर पडत होता. एरवी पंतांनी टिंगल केली असती. आज त्यांना पळून जावेसे वाटत होते. 'राजीखुशीने.' 'कोणाचाही दाब नसता.' हे शब्द त्यांनी इतक्या वेळा लिहिले होते आणि ऐकले मात्र आजच.

"वि... विहि... विहिरी... विहिरीकाठचे... दो... दोन... खण... धरून."

अक्काने मान वर केली. "पुन्हा वाच गं."

येसूने पुन्हा वाचले.

"'सदर मि... मिळकतीत... माझा वा माझ्या वा... वारसांचा... पाऊल ठेव... ठेवण्याचाही... हक्क... राहिला नाही.'"

अक्काने शाईच्या डबीकडे पाहिले. मग हळूच म्हणाली, "नरू, मी या खेपेला राहायलाच आले होते रे. दिरांनी मला वेगळं काढलं. पावसाळ्यात एका कागदावर अंगठा घेतला. तिथंही कुणी वाचून दाखवलं नाही, मीही विचारलं नाही. म्हटलं, जाऊ दे, विहिरीकाठचे दोन खण आहेत. सणाच्या दिवशी रडगाणं नको, भाऊबीज झाली की नरूला सांगू, असं मनात होतं."

सासरच्या घरात नवऱ्याच्या वाट्यावर अक्काचा हक्क होता, हे साऱ्या पंचक्रोशीत पंतांइतके कोणाला ठाऊक होते? दर दिवाळीला ती येत होती, आणि दर दिवाळीला त्यांनी तिला लुगडे दिले. एवढी एक गोष्ट सांगायचे त्यांना कधी सुचले नव्हते.

"आता समजलं," अक्का म्हणाली. "तुला लागत असेल तर घे. मागितलं असतंस तर दिलंच असतं मी." आणि खरोखरच तिने अंगठा शाईत बुडवला.

"नको गं, अक्का!" पंत ओरडलेच. त्यांनी तो काळा झालेला अंगठा दोन्ही हातांनी धरला आणि लहान मुलासारखे रडू लागले. "तू मला काखेत घेऊन वाढवलंस आणि मी तुझंच पाऊल बंद करायला निघालो! महाराज, माझे डोळे फुटले ते बरंच झालं. मी इतक्या जणांचे अंगठे घेतले, इतक्या बहिणींचे! त्यांना आता कुठून वाचून दाखवू?"

"त्यांना आता नाही दाखवता येणार," महाराज शांतपणे म्हणाले. या एका वाक्याने पंतांना जेवढे दुःख झाले, तेवढे दुसऱ्या कशाने झाले नसते. महाराजांनी त्यांच्या डोळ्यांवरून हात फिरवला. "डोळे फुटले नाहीत तुझे. ही बसली आहे समोर. हिचं काय करायचं ते कर."

पंतांनी डोळे उघडले. समोरच्या भिंतीवर रामनाम स्पष्ट दिसत होते.

त्यांनी तिथेच मांडी घातली आणि वाटणीपत्राचा मसुदा लिहायला घेतला. शेतात बहिणीचा निम्मा वाटा, विहिरीकाठचे दोन खण एकट्या तिचे, विहिरीच्या पाण्यावर दोघांचा सारखा हक्क. आज अक्षर वेडेवाकडे येत होते, पण त्याकडे त्यांनी पाहिले नाही. लिहिता लिहिता ते म्हणाले, "तालुक्याला जाऊन हे नोंदवून घेऊ. आणि अक्का, दिरांनी घेतलेल्या अंगठ्याविरुद्ध दावा लावता येतो. तुला न सांगता, वाचून न दाखवता घेतला, असं कोर्टात सांगायचं. निकाल काय लागेल ते आज सांगता येत नाही. पण मी येईन तुझ्याबरोबर." मुलाची सोयरीक मोडली तर मोडली, हेही त्यांनी मनाशी ठरवून टाकले.

मग त्यांनी तो मसुदा मोठ्याने वाचून दाखवला. ओळ न् ओळ, काही न गाळता. आवाज खणखणीत होता, शब्द स्वच्छ होते. आयुष्यात पहिल्यांदाच ते कोणाला तरी आपला कागद वाचून दाखवत होते. वाचून संपल्यावर त्यांनी मोठ्या आशेने बहिणीकडे पाहिले.

अक्काने डोळ्यांना पदर लावला. "चांगलं लिहिलंस रे," ती म्हणाली. तिच्या आवाजात राग नव्हता. तिने त्यांच्या हातातून कागद काढून घेतला आणि येसूपुढे धरला. "बाई, आता तू वाच."

येसू गोंधळली. तिने महाराजांकडे पाहिले. महाराज चिमण्यांना कण्या टाकत होते. मग तिने कागदावर बोट ठेवले आणि पहिले अक्षर जुळवू लागली.

नरहरपंतांनी पारावरून खाली उतरून कडेला बसलेल्या महाराजांच्या पायांवर डोके ठेवले. येसूचे वाचून होईपर्यंत त्यांनी ते वर उचलले नाही.