सुगरणबाईला मिळालेला तवा

कोणे एके काळी, राजेलोकांना लढाईपेक्षा जेवणाची घाई जास्त असायची त्या दिवसांत, एका राज्यात एक खवय्या राजा होता. राजा खवय्या म्हणून प्रधान खवय्या, आणि प्रधान खवय्या म्हणून झाडून सगळे सरदार खवय्ये. दरबारात मान मिळवायचा तर निदान ढेकर तरी ऐटीत देता यायला हवी, असा तिथला शिरस्ता होता.

या सगळ्यांची पोटं सांभाळायची एक बाई. तिला सगळे सुगरणबाई म्हणत. आईबापांनी ठेवलेलं नाव तिलाही होतं, पण ते विचारायला कुणाला सवड झाली नव्हती. लहानपणी ती राजाच्या मुदपाकखान्यात कामाला आली आणि तिथेच राहिली. त्या चुलींपुढेच तिचे केस पिकले.

तिच्या हातच्या पुरणपोळीचं नाव सात राज्यांत होतं. पाडव्याला ती पोळी खायला शेजारचे राजे वैर विसरून यायचे. आणि आता नीट ऐका, बाळांनो, आणि मोठ्यांनो तुम्हीही. ती पुरणपोळी सुगरणबाईने स्वतः आयुष्यात एकदाही खाल्ली नव्हती.

खोटं वाटतं ना? पण प्रधानजींनी नियमच केला होता. राजाचं ताट म्हणजे नैवेद्य, आणि नैवेद्याचा स्वयंपाक चाखायचा नसतो. देवाच्या नैवेद्याचं कुणीही मानेल, सुगरणबाईही मनापासून मानायची. पण या मंडळींनी देवाच्या आडून आपली ताटंही सोवळी करून घेतली, याला काय म्हणावं! राजाची पंगत, मग सरदारांची, मग पाहुण्यांची. शेवटची पंगत उठेपर्यंत पुरणाचं पातेलं पुसून लख्ख झालेलं असायचं. तिच्या वाट्याला गार भात आणि तळाशी राहिलेली कटाची आमटी यायची.

तुम्ही म्हणाल, एखादी पोळी पदराआड घेऊन खायची होती! तिला ते कधी जमलं नाही. ज्यांना जमतं ते मुदपाकखान्यात राबत नाहीत, दरबारात बसतात.

मग चव कशी साधायची ती? पातेल्यात उलथनं उभं राहिलं की पुरण शिजलं. वास नाकात भरला की वेलची पुरे. जायफळ मात्र ती जुन्या आचारणीने शिकवलं होतं तेवढंच किसून घालायची. खाणारे माना डोलावतात, त्या अर्थी बरोबर असणार, असं ती धरून चालायची.

दर पाडव्याला राजा तिला भेट द्यायचा. "खाण्यापिण्याची एवढी आवड असलेली बाई आमच्या राज्यात दुसरी नाही," असं म्हणून द्यायचा. एका वर्षी तांब्याचं मोठं पातेलं दिलं, आणि दुसऱ्या दिवसापासून पंगतीला दुप्पट माणसं बसू लागली. एका वर्षी चांदीने मढवलेली विळी दिली. राणीसाहेबांनी लगेच नारळाच्या करंज्यांची फर्माईश केली, आणि सुगरणबाईची बोटं आठवडाभर सोललेली राहिली. मग काळ्या दगडाचा पाटा आला, वरवंटा आला, नक्षीचा झारा आला. प्रत्येक भेटीच्या पोटात एक नवं काम दडलेलं. ती हात जोडून भेट घ्यायची आणि मुकाट्याने चुलीपुढे जाऊन बसायची.

त्या वर्षी तिचे पुढचे दोन दात पडले. उरलेल्यांवरून जीभ फिरवत ती मनाशी म्हणाली, "हेही जातील. दात आहेत तोवर एकदा तरी गरम पोळी खायला मिळू दे." तिचं मागणं एवढंच होतं.

इकडे राजाने दवंडी पिटवली. खाण्यापिण्याच्या शौकिनांना सणाला काय भेट द्यावी, हे जो सगळ्यांत छान सुचवेल त्याला मानाची पगडी, आणि त्याने सुचवलेली भेट सुगरणबाईला! मग काय, डोकी चालू लागली. कुणी डोंगरातला मध आणला, कुणी केशर, कुणी वाळा घातलेल्या सरबताचे बुधले. यातलं एखादं जरी तिच्या हाती पडलं असतं तर ती हरखली असती. पण मध राजाला आवडला, तो त्याने ठेवून घेतला. केशर राणीकडे गेलं आणि सरबत सरदारांनी तिथल्या तिथे संपवलं.

पगडी मिळाली प्रधानजींना. त्यांनी घडवून आणला होता तवा. केवढा? चार माणसांनी उचलून आणावा लागला एवढा! "महाराज, यावर एका वेळी पाच पोळ्या भाजता येतील," प्रधानजी म्हणाले. दरबाराने टाळ्या वाजवल्या. राजा सुगरणबाईकडे वळून म्हणाला, "बघ, तुझ्यासाठी खास केलाय. देवाचा नैवेद्य झालाच आहे. आता याच तव्यावरच्या पोळ्या होऊ देत. पाहुणे खोळंबलेत."

सुगरणबाईने तव्याकडे पाहिलं. हात जोडायला ती पुढे झाली, पण हात जुळेनात. इतक्या वर्षांचा धूर तिच्या डोळ्यांत एकदम आला. तिने कमरेला खोचलेलं लाटणं काढलं आणि राजाच्या पायाशी ठेवलं.

"महाराज, ही भेट माझी का तुमची?"

"म्हणजे काय? तुझीच!"

"मग माझ्या भेटीवर पाच पोळ्या भाजतील, त्यातली माझी कुठली?"

दरबारात कुणी हसलं. तिने तिकडे अशी नजर टाकली की हसणाऱ्याचं तोंड मिटलं.

"हसू नका. तुम्हाला वाढता वाढता म्हातारी झाले मी. पातेलं दिलंत, पाटा दिलात, विळी दिलीत. एकाने तरी विचारलंत का, बाई, तू जेवलीस का? माझ्या हातच्या पुरणपोळीची चव मला ठाऊक नाही, महाराज! शेजारच्या राजाच्या घोडेवाल्याला ठाऊक आहे, मला नाही!"

प्रधानजी लालबुंद झाले. "फार बोलते आहे ही! बाहेर काढा हिला!"

"काढा की. ही भांडी ठेवून घ्या, ती तुमचीच होती. पुरण तयार आहे, कणीक तिंबलेली आहे. लाटा आणि खा."

दरबार एकमेकांची तोंडं बघू लागला. पोळी कशी खुसखुशीत हवी, कडा कशा मऊ हव्यात, यावर तासन्‌तास बोलणारी ही मंडळी. लाटता एकालाही येत नव्हती. राजाच्या पोटात कावळे ओरडायला लागले होते. दया आली म्हणून नव्हे, भूक लागली म्हणून त्याने विचारलं, "मग हवंय तरी काय तुला?"

"एक पाट, एक ताट आणि तव्यावरून उतरलेली एक गरम पोळी. वर तुपाची धार. मी बसणार आणि वाढणार दुसरं कुणीतरी."

शेवटी राजानेच बाह्या सारल्या. त्याची पहिली पोळी फाटली आणि पुरण तव्यावर सांडलं. दुसरी करपली. तिसरी वेडीवाकडी, एका अंगाला जाड, पण फुगली. सुगरणबाई पाटावर बसली होती. राजाने ती पोळी तिच्या ताटात वाढली आणि भाजलेलं बोट तोंडात घालून उभा राहिला.

तिने घास मोडला, तुपात बुडवला, तोंडात घातला. डोळे मिटले. तिच्या गालांवरून पाणी ओघळलं. सगळ्यांना वाटलं, आता ही आनंदाने काहीतरी बोलणार.

सुगरणबाईने डोळे उघडले. त्यांत नुसता संताप होता.

"जायफळ जास्त आहे!"

"काय?"

"जायफळ जास्त आहे हो! कडवट लागतंय. इतकी वर्षं मी चुकीचं घालते आहे आणि एवढ्या खवय्यांतल्या एकाने सांगू नये मला?"

राजा चाचरत म्हणाला, "आम्ही तर दर वर्षी वाहवा..."

"वाहवा केलीत. चव कुठे घेतलीत? पोळीकडेही तुमचं लक्ष नव्हतं आणि करणारीकडेही नव्हतं!"

राजाने ताटातला एक तुकडा उचलून चाखला. सावकाश चाखला. जायफळ खरंच जास्त होतं. त्याची मान खाली गेली. आजवर त्याने तिला तू म्हटलं होतं. आता त्याने हळूच विचारलं, "बाई, तुमचं नाव काय?"

"आधी दुसरी पोळी वाढा. मग सांगते."

त्या दिवशी प्रधानजींचा नियम मोडला. तिथून पुढे त्या राज्यात देवाला नैवेद्य दाखवला की तव्यावरची पहिली पोळी करणारीच्या ताटात पडू लागली. जायफळ कमी झालं, आणि पाडव्याची पुरणपोळी खऱ्या अर्थाने नाव घेण्यासारखी झाली. आणि तो चार माणसांचा तवा? राजाने तो भेट म्हणून प्रधानजींच्याच घरी धाडला. दर सणाला पाच-पाच पोळ्या भाजताना त्यांच्या कपाळावर घाम असायचा, आणि आलेगेले पाहुणे म्हणायचे, "वा प्रधानजी, काय आवड आहे हो तुम्हाला!"

तात्पर्य : घेणाऱ्याच्या हातात काम ठेवते ती भेट नव्हे, तो हुकूम, भेट द्यायची तर त्याला पाटावर बसवा आणि आपण वाढा.