खुणेचा दगड

बाळांनो, एका चातुर्मासात मी एक नेम धरला होता. कांदा-वांगे सोडण्याचा नव्हे, ते तर आमच्याकडे सगळेच सोडतात. माझा नेम असा, की कुणी "कशी आहेस?" असे विचारले, तर नुसते "बरी आहे" म्हणून पुढे जायचे नाही, जे असेल तेच सांगायचे. ऐकायला किती सोपा, नाही? पण शेजारच्या कुमुदवहिनींनी पहिल्याच सकाळी दारातून विचारले, आणि मी पाठीच्या उसणीपासून जे सुरू केले, ते त्यांचे दूध उतू जाईपर्यंत! देवापुढे निरांजन लावतानासुद्धा मला हसू आवरेना. तरी देवाने नेम शेवटाला नेला. उद्यापनाच्या दिवशी जमलेल्या मुलांना खिरीच्या वाट्या दिल्या आणि एक गोष्ट सांगितली. तीच आज तुम्हाला सांगते.

डोंगराच्या उगवतीला एक वन होते आणि त्या वनात एक काळवीट राहत असे. त्याचे पळणे काय वर्णावे! माळावर तो उधळला, की गवत वाकायच्या आधी तो पुढे गेलेला असायचा. स्वभावाने वाईट नव्हता हो, पण कौतुकाची सवय फार. कुणी "वा, काळवीटदादा!" म्हटले नाही, तर त्याला दिवस सुना वाटे.

डोंगराच्या पायथ्याशी एक डोह होता. उन्हाळ्यात सारे ओढे आटत, आणि उगवतीचे वन आणि मावळतीचे वन अशा दोन्हींत मिळून तो एकच डोह उरे. पाणी सगळ्यांना पुरेसे होते; पण आधी उतरणाऱ्यांना नितळ मिळे आणि मागून येणाऱ्यांना चिखल. रोज उठून भांडण नको, म्हणून जुन्याजाणत्यांनी एक रीत घालून दिली होती. चैत्री पौर्णिमेला एक आणि वैशाखी पौर्णिमेला एक अशा टप्प्यांच्या शर्यती लावायच्या. तुमच्या शाळेत रिले असते ना, अगदी तशीच. दोन्हीकडचे चार-चार गडी, आणि तोंडात वेळूची कांडी. एकाने पळत यायचे, पुढच्याच्या तोंडात कांडी द्यायची. ज्यांची कांडी आधी डोहाला लागेल, त्यांनी पुढच्या पौर्णिमेपर्यंत आधी पाणी प्यायचे.

आता यात खरी मेख होती ती कांडी देण्याघेण्याची. तरवडाच्या दोन झुडपांमध्ये ती दिली गेली पाहिजे. दुसरे झुडूप रिकाम्या तोंडाने ओलांडले, की ते वन बाद. घेणाऱ्याने मागे वळून पाहत बसायचे नाही, कारण मान वळली की पाय मंदावतात. म्हणून तो आपल्यामागे थोड्या अंतरावर एक पांढरा दगड ठेवून घेई. मागचा गडी त्या दगडापाशी आला, की याने समोर बघून सुटायचे. येणारा जितका वेगवान, तितका दगड लांब. दगड कुठे ठेवायचा, हे मात्र येणाऱ्यालाच विचारावे लागे. त्याच्या पायांतला जोर त्याच्याखेरीज कुणाला ठाऊक असणार?

त्या वर्षी शिशिरात काळवीट ओढ्यावरून उडी मारताना शेवाळलेल्या खडकावर घसरला. पुढच्या पायाचा गुडघा दुखावला. काही दिवसांनी चालणे सुधारले, पळणेही जमू लागले. पण वेग पकडला की शेवटच्या पल्ल्यात गुडघा आतून कळवळे आणि पाऊल आखूड पडे. हे त्याने कुणालाच सांगितले नाही. "सांगितलं तर म्हणतील, संपला काळवीट," असे त्याला वाटे. दुपारी सगळे सावलीला गेले, की तो एकटाच माळावर पळून पाही, आणि मान खाली घालून परत येई.

गडी निवडण्याचे काम वानरआजीकडे होते. ती सगळ्यांना डोंगराची चढण पळत चढायला लावी आणि वडाच्या फांदीवर बसून बघे. चितळ चढला, कोल्हा चढला. काटक अंगाचे भेकर तर असे चढले, की आजीची शेपटी हवेतच राहिली. काळवीटाची पाळी आली तेव्हा तो हसून म्हणाला, "आजी, मलाही चढायला लावता? गेल्या वर्षी कांडी कुणी आणली, विसरलात वाटतं!"

आजीला भीड पडली. "तुझी रे कसली परीक्षा!" ती म्हणाली. "तिसरा टप्पा तुझाच." भेकर मागे सरले. चौथा टप्पा करवंदीच्या जाळ्यांतून डोहाकडे उतरे, म्हणून तो नेहमीप्रमाणे लहानखुऱ्या ससिणीला मिळाला.

शर्यतीच्या सकाळी ससीण दगड ढकलत आली आणि म्हणाली, "दादा, यंदा कुठं ठेवू?"

काळवीटाच्या ओठांवर आले होते, की बाई, बराच जवळ घे. पण चितळ ऐकत होता, कोल्हा ऐकत होता, आणि वरच्या फांदीवरून वानरआजी बघत होती. तो म्हणाला, "गेल्या वर्षी होता तिथंच ठेव की. त्यात विचारायचं काय?"

"तसं नाही हो, विचारलेलं बरं," ससीण म्हणाली, आणि तिने दगड जुन्या जागी नेऊन ठेवला.

शर्यत सुटली. चितळाने आघाडी घेतली, कोल्ह्याने ती राखली, काळवीटाने तर वाढवली. उगवतीचे वन ओरडून ओरडून बेभान झाले. काळवीट पांढऱ्या दगडापाशी आला आणि ससीण सुटली, अगदी ठरल्याप्रमाणे. त्याच क्षणी त्याचा गुडघा कळवळला. पाऊल आखूड पडले, मग आणखी आखूड. ससीण समोर बघून पळत होती, तोंड किंचित कडेला करून कांडीची वाट पाहत होती. कांडी आली नाही. तिने तरवडाचे दुसरे झुडूप रिकाम्या तोंडाने ओलांडले. मावळतीचे मुंगूस शांतपणे डोहाशी जाऊन कांडी बुडवून मोकळे झाले.

"काय गं ससीणबाई," टिटवी भर गर्दीत किंचाळली, "बीळ आठवलं वाटतं मध्येच? कांडी न घेताच निघालीस घरी!"

सगळे हसले, पण ते हसू चांगले नव्हते. "एवढी आघाडी घालवली," कोल्हा म्हणाला. "काळवीटदादानं सोन्यासारखी आणून दिली होती." कुणीतरी काळवीटाच्या पाठीवरची धूळ झटकली. "तुझा काय दोष रे," वानरआजी त्याला म्हणाली. काळवीट धापा टाकत उभा होता. धाप लागली आहे तोवर बोलता येत नाही, असे त्याने स्वतःला सांगितले. मग धाप ओसरली, तरी तो बोलला नाही.

संध्याकाळी ससीण त्याच्याकडे आली. तिचे कान पाठीला चिकटले होते. "दादा, मला माफ करा," ती म्हणाली. "तुम्ही एवढं पळून आलात आणि मी घाई केली. का सुटले मी तशी, माझं मलाच कळत नाही."

पोरांनो, त्या वेळी काळवीटाला धरणी दुभंगून पोटात घेईल तर बरे, असे झाले. आपण ज्याचे वाईट केले, तोच आपल्यापुढे मान लववून उभा राहिला, की कसे वाटत असेल? पण शरमेचे असे विचित्र असते, की ती कधी कधी तोंड उघडायलाच देत नाही. तो एवढेच म्हणाला, "असू दे, असू दे." आणि तिला माफ केल्यासारखा निघून गेला.

तो महिना उगवतीच्या वनाने गाळ पिऊन काढला. चितळिणीचे पाडस पोटदुखीने आजारी पडले. "एकीच्या घाईपायी," असे ती ससिणीला ऐकू जाईल एवढ्याने म्हणे. ससीण सगळ्यांबरोबर डोहावर येईनाशी झाली. सगळे पिऊन गेले, की ती कडेकडेने येई, उरलेल्या चिखलाला तोंड लावी आणि निघून जाई. काळवीट हे करवंदीच्या आडून रोज बघे. उद्या सांगू, असे रोज म्हणे. आणि उद्या उजाडला, की त्याला कालच्याही न सांगण्याची लाज वाटे, म्हणजे सांगणे आणखी जड होई.

वैशाखी पौर्णिमा जवळ आली. वडाखाली पुन्हा निवड बसली. वानरआजी म्हणाली, "तिघे तेच ठेवू. ससिणीला मात्र या खेपेस..."

"मीच येत नाही, आजी," मागून ससीण म्हणाली. "मी रोज त्या दगडापाशी जाऊन बसते. पुन्हा पुन्हा बघते. मला वाटतं, माझ्या डोळ्यांतच दोष आला असावा. दादा दगडापाशी पोहोचलेच नव्हते, आणि मला पोहोचल्यासारखे दिसले. अशा डोळ्यांची मी तुम्हाला काय कामाची?"

काळवीटाला वाटले होते, की आपण तिची अब्रू घेतली. आता त्याला कळले, की आपण तिचा स्वतःच्या डोळ्यांवरचा विश्वाससुद्धा घेतला.

"थांबा," तो म्हणाला. आवाज इतका बारीक निघाला, की टिटवीलाही ऐकू गेला नाही. त्याने पुन्हा म्हटले, "थांबा. तिचे डोळे चांगले आहेत. मी दगडापाशी आलो होतो. ती बरोबर सुटली. पुढं मीच पोहोचलो नाही."

"एखाद्या वेळी होतं रे," चितळ म्हणाला.

"एखाद्या वेळी नाही. गुडघा शिशिरापासून दुखतोय. मी पोहोचणार नाही, हे मला ठाऊक होतं. तिनं विचारलं, दगड कुठं ठेवू, तेव्हाही ठाऊक होतं. मी खोटं सांगितलं."

मग कोल्हा म्हणाला, "आणि महिनाभर गप्प! तोंडात काय धरलं होतंस रे? कांडी तर नव्हती!"

यावर कुणी हसले नाही. वानरआजी फांदीवरून खाली उतरली. "दाखव गुडघा," ती म्हणाली. तिने बोटाने चाचपले तेव्हा तो दचकला. "इतका सुजलाय, आणि मी वरून कौतुक करत बसले," ती हळूच म्हणाली. "चढण सगळ्यांना चढायला लावली, तुला सोडलं. माझ्या भिडेपोटी लेकराबाळांनी चिखल प्यायला."

काळवीट ससिणीकडे वळला. त्याने मान पार जमिनीपर्यंत खाली नेली. शिंगे मातीत टेकली. "ससीणताई..." एवढेच त्याला म्हणता आले.

ससीण त्याच्याकडे बघत राहिली. "तुम्ही मला 'असू दे' म्हणालात," ती म्हणाली. "मी माफी मागितली, आणि तुम्ही ती घेतलीत." मग ती वळून बिळाकडे गेली. तिच्या जागी कुणीही असते, तरी एवढ्यात विरघळले नसते.

तिसरा टप्पा भेकराला मिळाला, चौथा ससिणीलाच राहिला. शर्यतीच्या सकाळी तिने दगड ढकलत आणला आणि विचारले, "भेकरा, कुठं ठेवू?" सगळ्या वनाचे डोळे भेकराकडे लागले. पहिल्यांदाच निवडले गेलेले ते, छाती फुगवून म्हणणार होते, की काळवीटदादाच्याच जागी ठेव. तेवढ्यात त्याची नजर दुखरा पाय उचलून उभ्या असलेल्या काळवीटावर गेली. काळवीटाने डोळे खाली घातले होते. भेकराने आवंढा गिळला. "जरा जवळ घे, ताई. सुरुवात माझी चांगली आहे, पण शेवटी दम लागतो."

दगड जवळ आला. कोल्हा हसलासुद्धा, "बघा, मोठा धावणारा!" पण त्या दिवशी भेकर धापा टाकत दगडापाशी आले, ससीण सुटली, आणि दोन झुडपांच्या अगदी मधोमध वेळूची कांडी तिच्या तोंडात अलगद बसली. करवंदीच्या जाळ्यांतून ती अशी उतरली, की मुंगसाला फक्त कांडी पाण्यात बुडाल्याचा आवाज ऐकू आला.

उगवतीचे वन नाचत नाचत डोहात उतरले. काळवीट मात्र वर काठावर थांबला. सगळ्यांचे झाल्यावर उरेल ते पाणी प्यायचे, असे त्याने ठरवले होते. ससीण पिऊन वर आली. त्याच्याजवळून पुढे गेली, थांबली, आणि मागे न बघता म्हणाली, "उतरा आता. अजून नितळ आहे."

काळवीट खाली उतरला. एक महिना गढूळ पाणी प्यायल्याने त्याला आपले तोंड दिसले नव्हते. आज ते स्वच्छ दिसले. त्याला अजून लाज वाटत होती. पण त्याने मान फिरवली नाही. त्या तोंडाकडे बघत बघतच तो पाणी प्यायला.

तात्पर्य म्हणाल तर एवढेच : जो आपल्या शब्दावर विसंबून पाऊल उचलतो, त्याच्यापासून आपले उणे लपवू नये; कारण लपवलेल्या उण्याची लाज आधी त्याच्या वाट्याला येते, आणि मग दुप्पट होऊन आपल्याकडे परत येते.

आणि आता माझे एक मागणे. उद्या तुमच्यापैकी कुणाची निवड होईल आणि सोबतीण विचारेल, "कुठं उभी राहू?" तेव्हा त्या भेकरासारखा आवंढा गिळा, हवे तर लाल व्हा, पण "जरा जवळ घे" असे खरे तेच सांगा. आणि आधीच कुणाला चुकीचे सांगून बसला असाल, तर पौर्णिमेची वाट बघू नका. आजच जा आणि त्या काळवीटासारखे मान खाली घालून सांगून या. कराल ना एवढे?