सराफाचं दहावं नाणं

एका डोंगराखाली तीन गावं होती आणि तिन्हींची नाणी तीन तऱ्हेची. वरच्या गावात मेंढपाळ, मधल्या गावात कुंभार, खाली खाडीकाठी मिठागरवाले. बाजार मात्र एकच, पुलापाशी. पुलावर एक सराफ बसायचा. एका गावचं नाणं दुसऱ्या गावच्या नाण्यात बदलून द्यायचा आणि दहातलं एक आपल्या थैलीत टाकायचा.

मधल्या गावातल्या एका कुंभारणीच्या जिवाला हे फार लागायचं. दहा मडकी विकावीत, तर त्यातलं एक सराफाच्या पोटात.

शेवटी तिन्ही गावांनी एकच नाणं करायचं ठरवलं. नाण्याचा साचा पेटीत ठेवला, पेटीला तीन कुलपं लावली. तिन्ही किल्ल्या जमल्याशिवाय नवं नाणं पाडायचं नाही. मधल्या गावची किल्ली कुंभारणीकडे आली, कारण तिचं कुणाशीच भांडण नव्हतं. सराफ चटई गुंडाळून निघून गेला. दोन वर्षं बाजार असा चालला की तिला भट्टी पुरेना.

तिसऱ्या वर्षी बांध फुटला. भरतीचं पाणी मिठागरात शिरलं आणि सगळं मीठ विरघळून गेलं. खालच्या गावची किल्ली सांभाळणारी मावशी पेटीपाशी आली.

"दोनशे नाणी पाडून द्या. मीठ पिकलं की परत करू."

मेंढपाळांचा म्होरक्या म्हणाला, "नाणी वाढली की नाण्याची किंमत उतरते, मावशी. आम्ही थंडीत मेंढ्या राखायच्या आणि तुम्ही बांध फुटेपर्यंत झोपायचं?"

"आमचं नाणं आमच्याकडे असतं, तर तुझ्या तोंडाला लागले नसते."

"मग घ्या की परत. कुणी धरून ठेवलंय?"

दोघांनी कुंभारणीकडे पाहिलं. मावशीला मदत करावी असं तिला वाटत होतं. पण तिची निम्मी मडकी वरचं गाव घ्यायचं. तिनं पदराची किल्ली चाचपली.

"मला काय कळतंय त्यातलं," ती म्हणाली.

मावशी उठून गेली. खालच्या गावानं आपलं जुनं नाणं पुन्हा काढलं. त्याच आठवड्यात सराफ पुलावर चटई अंथरून बसला. पुढच्या हंगामात मीठ पिकलं, पण ते खालच्या नाण्यालाच मिळायचं, आणि ते नाणं सराफाला दहावा हिस्सा देऊन घ्यावं लागायचं. मिठावाचून मेंढ्या दगड चाटू लागल्या. हात आखडल्यानं म्होरक्या मडकी घेईना. कुंभारणीच्या अंगणात मडक्यावर मडकं चढलं.

तेव्हा तिनं एक मोठा रांजण घडवला, पुलापाशी नेला आणि दोघांना बोलावलं.

"एकच नाणं पुन्हा चालू करू. सराफ खातो ते दहावं नाणं यात टाकू. ज्याचं वर्ष वाईट जाईल, त्यानं काढायचं. हे तेव्हाच बोलायला हवं होतं. मला कळत होतं, पण मी गप्प बसले."

"आणि दरसाल यांचाच बांध फुटला तर?" म्होरक्यानं विचारलं.

"तर बांध घालायला तू ये," मावशी म्हणाली. "तुझ्या मेंढ्यांना रोग आला, तर मी येते."

म्होरक्यानं रांजणात वाकून बघितलं. मग त्यानं कनवटीचं एक नाणं काढून आत टाकलं. रिकाम्या रांजणात ते मोठ्यानं वाजलं. पुलावर सराफानं मान वर केली आणि चटईची कड उचलली.

तात्पर्य: एकत्र राहायचं ठरवताना वाईट दिवसांत कोण काय करणार, हे चांगल्या दिवसांतच बोलून घ्यावं.