लाल गाडीखालचा शेंगदाणा

टिचकू उंदीर एवढासा होता.
एवढासा म्हणजे किती? तुझ्या अंगठ्याएवढा. शेपूट वेगळी.
पण टिचकू होता मामा.

त्याच्या ताईला पिल्लू झालं होतं. गुलाबी आणि गोल. नाव ठकी. आज ठकीचं उष्टावण. आज ठकी पहिल्यांदा खाऊ खाणार. आणि उष्टावणाला पहिला घास कोण भरवतो? मामा.

टिचकू पहिल्यांदाच मामा झाला होता. मामाला काय काय यायला लागतं, ते त्याला ठाऊक नव्हतं. विचारायची लाज वाटत होती. एक मात्र ठाऊक होतं. घासासाठी दाणा हवा.

दाणा मिळाला. भाजका, खमंग शेंगदाणा.

टिचकू दाणा ढकलत निघाला. तुरुतुरु तुरुतुरु. वाटेत तानाक्काचं गॅरेज. गॅरेजच्या पलीकडच्या भिंतीत ताईचं घर. टिचकू अर्ध्या वाटेवर आला, तोच आवाज झाला.

फट् फट् फट्. भुस्स.

आत शिरली एक लाल गाडी. जुनी शर्यतीची गाडी. दारं दोन, नाक लांब, डोक्यावर छप्पर नाही. टिचकूने टुणकन उडी मारली. टिचकू वाचला. दाणा राहिला.

गाडी थांबली. नेमकी दाण्यावर.

टिचकूने वाकून पाहिलं. दाणा फुटला नव्हता. चाकाच्या रबरी नक्षीत रुतून बसला होता. टिचकूने हातांनी ओढला. निघेना. शेपटीने ओढला. निघेना.

ठकी वाट बघत असेल. ताई म्हणेल, कसला हा मामा. टिचकूच्या मिशा थरथरल्या.

मग तो चाकाला म्हणाला,
"चाकदादा, चाकदादा,
दाणा माझा सुटेना.
तुम्ही थोडे हला ना."

चाक म्हणालं, "मी आपला आपण हलत नाही रे. इंजिन मला फिरवेल, तर मी हलेन."

टिचकू निघाला. तुरुतुरु तुरुतुरु. गाडीच्या लांब नाकात चढला. तिथे होतं इंजिन. नुकतंच धावून आलेलं, गरम गरम. टिचकू एक पाय उचली, एक पाय टेकवी. चटका, चटका, चटका.

"इंजिनआजोबा, इंजिनआजोबा,
चाक काही हलेना,
दाणा माझा सुटेना.
तुम्ही चाक फिरवा ना."

इंजिन म्हणालं, "फिरवलं असतं रे बाळा. पण पोटात ठिणगी नाही. प्लग ठिणगी देईल, तर मी चाक फिरवेन."

प्लग तिथेच होते. चार भाऊ, एका ओळीत, इंजिनाच्या डोक्यात रुतून बसलेले. टिचकू थोरल्याकडे गेला. चटका, चटका, चटका.

"प्लगभाऊ, प्लगभाऊ,
इंजिन चाक फिरवेना,
चाक काही हलेना,
दाणा माझा सुटेना.
तुम्ही ठिणगी द्या ना."

प्लग नाकात बोलला. त्याच्या तोंडात काजळी गेली होती. तो म्हणाला, "ठिणगीला फट लागते. एवढीशी, पण नेमकी. आमची फट बिघडलीय. फिलर फट मोजेल, तर मी ठिणगी देईन."

टिचकू खाली उतरला. तुरुतुरु तुरुतुरु. भिंतीवर होती हत्यारांची फळी. फळीवर एका खिळ्याला लटकली होती फिलरकाकू. पातळ पातळ पोलादी पाती, पंख्यासारखी उघडणारी. कुठलं पातं फटीत नीट बसतं ते बघायचं, की फट कळते.

"फिलरकाकू, फिलरकाकू,
प्लग ठिणगी देईना,
इंजिन चाक फिरवेना,
चाक काही हलेना,
दाणा माझा सुटेना.
तुम्ही फट मोजा ना."

फिलरकाकूने सगळी पाती मिटून घेतली. ती म्हणाली, "त्या प्लगाने तोंड धुतलंय का? काजळीवरून मी मोजत नाही. ब्रश काजळी घासेल, तर मी फट मोजेन."

टिचकू निघाला. तुरुतुरु तुरुतुरु. फळीच्या खालच्या कप्प्यात ब्रशकाका लोळत होता. पितळी तारांचा ब्रश. सगळे केस ताठ.

"ब्रशकाका, ब्रशकाका,
फिलर फट मोजेना,
प्लग ठिणगी देईना,
इंजिन चाक फिरवेना,
चाक काही हलेना,
दाणा माझा सुटेना.
तुम्ही काजळी घासा ना."

ब्रश म्हणाला, "घासायला मी कधीही तयार. पण प्लग बसलाय आत, मी आहे बाहेर. पाना प्लग काढेल, तर मी काजळी घासेन."

पाना. पण कुठला पाना?

फळीवर पानेच पाने. एक लांब, एक बुटका, एक दोन तोंडांचा, एक वाकडा. टिचकू एकेकाकडे बघत राहिला. मामाला हे ठाऊक असायला हवं होतं का?

"मला ने, मला ने," पक्कडमावशी म्हणाली. तिचं तोंड उघडंच होतं. कट् कट्. "काहीही असो, मी धरते. प्लग तर असा ओढते."

ब्रशकाका हळूच टिचकूच्या कानात म्हणाला, की हिला नेऊ नकोस. ही धरते आणि मोडते. मागच्या वेळी एका प्लगाची मान गेली.

टिचकू मोठ्या पान्याकडे गेला. मोठा पाना म्हणाला, माझं तोंड चाकाच्या नटांचं. प्लग त्यात गडगड हलेल. छोटा पाना म्हणाला, माझ्या तोंडात प्लगाचं नाकही मावणार नाही.

मग कोपऱ्यातून कुणीतरी खाकरलं. तो होता प्लगपाना. उंच आणि पोकळ, पेल्यासारखा. त्याच्या पोटात प्लग बसतो. अलगद, बरोब्बर.

"पानेदादा, पानेदादा,
ब्रश काजळी घासेना,
फिलर फट मोजेना,
प्लग ठिणगी देईना,
इंजिन चाक फिरवेना,
चाक काही हलेना,
दाणा माझा सुटेना.
तुम्ही प्लग काढा ना."

प्लगपाना म्हणाला, "काढणं माझंच काम. पण मला फिरवायला हात हवा. मिस्त्री हात लावेल, तर मी प्लग काढेन."

आता मिस्त्री म्हणजे तानाक्का. आणि तानाक्का म्हणजे माणूस. केवढी उंच. टिचकूचे पाय जरा मागे गेले. मग त्याला ठकी आठवली. पाय परत पुढे आले. तुरु. तुरु. तुरु.

तानाक्का उलट्या डब्यावर बसून चहा पीत होती. गाडीचे मालक अप्पा येरझाऱ्या घालत होते. टिचकू तानाक्काच्या चपलेवर चढला. मोठ्ठा श्वास घेतला.

"तानाक्का, तानाक्का,
पाना प्लग काढेना,
ब्रश काजळी घासेना,
फिलर फट मोजेना,
प्लग ठिणगी देईना,
इंजिन चाक फिरवेना,
चाक काही हलेना,
दाणा माझा सुटेना.
तुम्ही हात लावा ना."

तानाक्काने चष्मा वर केला. "वायरी कुरतडायला आलास होय रे?"

"नाही हो अक्का," टिचकू म्हणाला. "मी मामा आहे."

तानाक्का हसली. चहा सांडला, एवढी हसली. मग तिने टिचकूला तळहातावर घेतलं आणि म्हणाली, "इंजिन थंड होईल, तर मी हात लावेन."

अप्पांनाही घाई होती. ते म्हणाले, अक्का, काढा की प्लग, कशाला थांबायचं. तानाक्का म्हणाली, गरम इंजिनातून प्लग काढला, की आतले आटे सोलून निघतात. मग कुठलाच प्लग बसत नाही. अप्पा म्हणाले, मग बादलीभर पाणी ओतू का. तानाक्का म्हणाली, ओता की. इंजिनाला तडा जाईल. मग दुसरी बादली मी तुमच्या डोक्यावर ओतेन.

अप्पा गुपचूप दुसऱ्या डब्यावर बसले.

टिचकूने डोळे पुसले. "आता मी कुणाकडे जाऊ, अक्का? इंजिन कोण थंड करतं?"

"कुणीच नाही. ते आपलं आपण होतं. तू बस इथं."

बस? टिचकूला पळायला येत होतं. चढायला येत होतं. नुसतं बसायला कुणी शिकवलं नव्हतं. तो गाडीच्या नाकावर गेला आणि इंजिनावर फुंकर मारू लागला. फू फू फू. फू फू फू. इंजिनाला कळलंसुद्धा नाही.

मग टिचकू दमला. आणि बसला.

बसल्यावर त्याला आवाज आला. इंजिनातून येत होता. बारीक, बारीक.

टिक टिक टिक टिक.

तापलेलं लोखंड निवताना असंच बोलतं.

टिक. टिक. टिक.

अप्पा गप्प. तानाक्का गप्प. पक्कडसुद्धा गप्प.

टिक… टिक…

टिचकूच्या मिशा थरथरायच्या थांबल्या.

टिक…

मग टिक नाहीच.

तानाक्का उठली. इंजिनावर पालथा हात ठेवला. जरा थांबली. "हं," म्हणाली. "निवलं."

मग काय झालं?

मिस्त्रीने हात लावला.
पान्याने प्लग काढले. कुर्र कुर्र. एक, दोन, तीन, चार.
ब्रशने काजळी घासली. खस खस खस.
फिलरने फट मोजली. एक पातं होतं जाड, आत जाईना. एक होतं पातळ, सैल पडलं. मधलं गेलं, ना सैल ना घट्ट. सर्रर्र. फिलरकाकू म्हणाली, आता कशी नेमकी.

चौघे भाऊ परत आपल्या जागी बसले. आधी तानाक्काच्या बोटांनी फिरून फिरून. मग शेवटचा एकच पीळ पान्याचा.

अप्पा गाडीत चढले. त्यांना शर्यतीची सवय. तानाक्काने दार धरून ठेवलं.

"हळू हं अप्पा. चाकाखाली मामाचा दाणा आहे."

अप्पांनी मान डोलावली. किल्ली फिरवली.

प्लगने ठिणगी दिली. चट्.
इंजिन जागं झालं. घुर्र घुर्र घुर्र. आता फट् नाही आणि भुस्स नाही.
इंजिनाने चाक फिरवलं.
चाक हललं. हळू, हळू, गोगलगायीसारखं हळू.
आणि दाणा सुटला. टप्.

अख्खा. जरा काळा झालेला, पण अख्खा.

टिचकूने दाणा पुसला. इकडून पुसला, तिकडून पुसला. सगळ्यांना नमस्कार केला. पक्कडमावशीलाही केला. आणि निघाला. तुरुतुरु तुरुतुरु तुरुतुरु.

घरी सगळे बसले होते. आजी उंदीर, आजोबा उंदीर, ताई, भावजी. ठकी पाटावर. पाट म्हणजे काड्यापेटी.

ताई म्हणाली, "आलास? कुठे होतास रे मामा?"

टिचकूने दाणा पाटापाशी ठेवला. दाणा कुरतडला. मऊ मऊ, बारीक बारीक केला. चिमूटभर घास ठकीच्या तोंडापाशी नेला.

ठकीने तोंड घट्ट मिटलं.

आजी म्हणाली, गाणं म्हण. आजोबा म्हणाले, गुदगुल्या कर. भावजी म्हणाले, नाक दाब. ताई म्हणाली, अगंबाई, हिला आवडतच नाही की काय, आता ही कधीच काही खाणार नाही की काय, मी काही चुकवलं की काय.

"ताई," टिचकू म्हणाला, "तू बस इथं."

ताई बसली. टिचकू घास हातात धरून बसला. फुंकर मारली नाही. ढकललं नाही. नुसता बसला.

ठकीने घासाकडे बघितलं. मामाकडे बघितलं. परत घासाकडे बघितलं. नाक हललं. खमंग वास आला.

आणि मग ठकीने तोंड उघडलं.

आ.

दाणा ठकीच्या पोटी,
मामाला एक पापी छोटी.